सुतकाची ओळ

मी तोंडाळ आहे. घरचे म्हणतात, दारचे म्हणतात, आणि आता वय झाल्यावर मीही कबूल करते. महाडला एसटी स्टँडमागच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला होते तेव्हा तर राग कायम नाकावर असायचा. दोन हजार सालानंतरची ती चार-पाच वर्षं. सकाळी कॉलेजच्या मुलांना एक्सेल शिकवायचं, दुपारी बिरवाडीकडच्या कारखान्यांतून पाळी संपवून येणाऱ्या कामगारांची बॅच घ्यायची, आणि मधल्या वेळात वेबसाइट करायच्या. वेबसाइट करणं मी पुस्तकं वाचून, मोडून-जोडून एकटीने शिकले होते. अख्ख्या महाडात माझी चूक दाखवणारं कुणी नव्हतं, त्यामुळे माझं चुकत नाही असा माझा पक्का समज होता.

पोलादपूरच्या वर डोंगरात एक कोंड आहे. कोंड म्हणजे चाळीसेक घरांची वस्ती, निम्मी वरच्या वाडीत, निम्मी खालच्या. घरटी एक-दोन माणसं मुंबईला, बाकीची गावात गुरं आणि नाचणी-वरी बघणारी. मुंबईकरांचं एक मंडळ होतं, आणि त्या मंडळाचे चिटणीस मुंबईत एका छापखान्यात डीटीपीचं काम करायचे. लग्नपत्रिका, बॅनर, वाढदिवसाचे फलक. एकदा गावी जाताना ते क्लासात शिरले आणि म्हणाले, "मॅडम, आमच्या पालखीची वेबसाइट पायजे."

मी फिस्सकन हसले.

"हसू नका, मॅडम. प्रॉब्लेम सीरियस आहे." मग त्यांनी सांगितलं. शिमग्याला देवीची पालखी देवळातून निघते आणि घरोघर फिरते. घरांचा क्रम मानाचा, वाडवडिलांपासूनचा, त्यात बदल नाही. एका वेळी सात घरं. शुक्रवारी संध्याकाळी सात, शनिवारी सकाळी सात, परत संध्याकाळी सात, अशी सोमवारपर्यंत. आपल्या दारात पालखी नेमकी कधी येणार ते कळल्याशिवाय मुंबईकराला सुट्टी टाकता येत नाही. गावात फोन एकच, तोही वारा सुटला की मान टाकतो. "शंभर माणसं मलाच विचारतात, आमच्याकडं कधी? आता सायबरमध्ये जातील नि बघतील. खल्लास!"

मी म्हटलं, क्रम लिहून द्या. तर तो कुठेच लिहिलेला नव्हता, तो पालखीचा मान सांभाळणाऱ्या गावच्या मानकरी आजोबांच्या डोक्यात होता. म्हणून एका रविवारी मी जीपने वर गेले. आजोबा ओटीवर बसून सुपारी कातरत एकेक घर सांगत गेले आणि मी वहीत उतरवत गेले. शेवटी ते म्हणाले, "आनि ह्ये पन लिव गो. कुनाच्या घरी सुतक असंल तर पालखी त्या दारावरनं तशीच पुढं जाते. थांबत नाय. मग मागलं घर एक जागा पुढं सरकतं."

मी तेही लिहिलं.

आता माझं शहाणपण ऐका. मी जे पान बनवलं त्यात सगळं एकाच फाइलीत होतं. घरांची यादी काढणं तिथेच, सातसात मोजणं तिथेच, आणि टेबल रंगवणं, अक्षर मोठं-बारीक करणं, झेंडूचं चित्र लावणं हेही तिथेच. खिचडी नुसती! सुतकाचा नियम तर मी थेट रंगाच्या ओळींत घुसवला होता. घराला सुतकाची खूण असेल तर ती ओळ करड्या रंगात छाप, घरधन्याच्या नावाच्या जागी 'सुतक' असा शब्द लिही, आणि ते घर मोजू नकोस. तिन्ही गोष्टी एकाच चौकटीत. पान चालत होतं, म्हणून मला ते बरोबर वाटत होतं. पहिलं वर्ष छान गेलं. त्या वर्षी कोंडात कुणाला सुतकच नव्हतं.

दुसऱ्या वर्षी पालखीच्या आठ-नऊ दिवस आधी वरच्या वाडीतला एक माणूस गेला. साठीचा, गुरं राखणारा. मानाच्या क्रमात त्यांचं घर सातवं. आजोबांनी कुणाकरवी तरी फोन करून मला कळवलं, मी खूण केली, पानावर ओळ करडी झाली. त्यांच्या शेजारचं आठवं घर सातव्या जागी आलं, म्हणजे शनिवार सकाळचं शुक्रवार संध्याकाळवर गेलं. सगळं कसं आपोआप! मी स्वतःवरच खूश होते.

त्याच आठवड्यात चिटणिसांचा फोन आला. "मॅडम, पान जरा फिकं वाटतंय. मी मस्त सजवतो. बॉर्डर टाकतो, देवीचा फोटो टाकतो. मला एचटीएमएल येतं थोडं." माझ्या मागे क्लासच्या मुलांची परीक्षा लागली होती. मी म्हटलं, घ्या पासवर्ड आणि काय दिवे लावायचे ते लावा.

त्यांनी लावले.

गुरुवारी दुपारी भर बॅचमध्ये फोन वाजला. मुंबईहून एक बाई बोलत होत्या, कोंडातल्या त्या आठव्या घरच्या सूनबाई. आवाज घाबराघुबरा. "मॅडम, आमचं आधी शुक्रवार संध्याकाळ दाखवत होतं. आज सायबरमध्ये बघितलं तर शनिवार सकाळ. नक्की कुठलं धरू? आमच्या ह्यांना एकाच दिवसाची सुट्टी आहे. अकरा वर्षांनी मुलगी झालीय आम्हाला. सासूबाईंचा नवस आहे, जन्मानंतरच्या पहिल्या शिमग्याला आमच्या दारात बाळाला पालखीखालून तीनदा काढायचं. आईने द्यायचं आणि बापाने घ्यायचं. म्हणून परत विचारते, हो."

पुढ्यात वीस मुलं, एकाचा कॉम्प्युटर बंद पडलेला, दुसरा विचारतोय प्रिंट कुठे गेली. मी पान उघडून बघितलंसुद्धा नाही. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. "पानावर जे आज दिसतंय तेच खरं. कॉम्प्युटर चुकत नसतो, बाई. माणसं चुकतात." आणि फोन ठेवला.

ती बाई मला माझी चूक हातात आणून देत होती. आधी हे होतं, आता ते आहे, असं स्पष्ट सांगत होती. दुसरं कुणी असतं तर थबकलं असतं. आजही तो फोन आठवला की माझीच मला चीड येते.

शनिवारी मंडळाने मला वर बोलावलं होतं, शाल-नारळ द्यायला! मी ठेवणीतली साडी नेसून पोलादपूरला जीपमध्ये बसले. माझ्या समोर एक जोडपं. बाईच्या मांडीवर नऊ-दहा महिन्यांची मुलगी, गालावर तीट, हातात काळे-पांढरे मणी. नवऱ्याच्या अंगावर घडी मोडलेला नवा शर्ट. मी ड्रायव्हरला काहीतरी टाकून बोलले तशी बाई एकदम म्हणाली, "तुम्हीच का हो फोनवरच्या मॅडम? आवाजावरून ओळखलं." आणि रागावायच्या ऐवजी त्या हसल्या. "बरं झालं विचारून घेतलं. नाहीतर ह्यांनी शुक्रवारचीच रजा टाकली होती. मी गुरुवारी बदलायला लावली." नवरा मानेने हो म्हणाला. मुलगी माझ्या पदराशी खेळत होती. मला काय मोठेपणा वाटला म्हणून सांगू.

वर पोचलो. मी त्यांच्याबरोबरच गेले, म्हटलं नवस बघून मग शाल घ्यायला जाऊ. अंगणात गुलाल पडलेला होता. फुलांच्या पाकळ्या वाळून चुरगळल्या होत्या. सासूबाई ओटीवर गुडघ्याला मिठी मारून बसल्या होत्या.

"काल सांजच्याला आली नि गेली," त्या म्हणाल्या.

त्यांचा मुलगा म्हणाला, "आई, शनिवार सकाळ होती ना?"

"मला काय इचारतोस रे? तूच फोनवर बोललास, कॉम्पुटरवर शनवार हाय म्हनून. मला ठाव होतं शुक्रवार. पन म्हटलं मानकऱ्यांनी बदललं असंल, मुंबयवाल्यांच्या सोयीनं. मी आंगन पन सारवलं नव्हतं. पालखी दारात नि मी गोठ्यात, शेनाच्या हातानं! सगळी इचारतायत, पोर कुठं, पोर कुठं."

नवरा पायरीवर बसला. बाईने मुलीला छातीशी घट्ट धरलं आणि माझ्याकडे बघितलं. ती बोलली असती, चार शिव्या दिल्या असत्या, तर मला बरं वाटलं असतं.

मी तिथून तडक देवळासमोर गेले. चिटणीस मांडवात खुर्च्या लावत होते. मी सगळ्या गावादेखत त्यांच्यावर तुटून पडले. शिमगाच केला म्हणा ना! "कुणी हात लावला फाइलला? कुठली ओळ काढलीत?"

माणूस पांढराफटक पडला. "मॅडम, मी फक्त डिझाइन केलं. देवाशप्पथ. ते एक करड्या रंगात 'सुतक' लिहिलेलं होतं ना, ते काढलं. सणाच्या पानावर, देवीच्या फोटोखाली, सुतक हा शब्द बरा दिसतो का? लोकं काय म्हणतील? ती चौकट काढली नि पान एकदम क्लीन दिसलं. एरर पण नाय आला."

एरर कशाला येईल? शब्दाबरोबर रंग गेला, रंगाबरोबर मोजणी गेली. गेलेल्या माणसाचं घर पुन्हा सातवं मोजलं गेलं आणि शेजारचं आठवं झालं. मी तोंड सोडून बोलतच होते, तेवढ्यात मागून मानकरी आजोबा आले. त्यांना चिटणिसांनी आणि मी, दोघांनी एकदमच सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"ह्याने काय काढलं? शोभेचं काढलं ना?" ते मला म्हणाले. "मग त्यात नेम कुनी ठेवलान?"

मी चिटणिसांवर उगारलेलं बोट खाली घेतलं.

"पालखीला फुलं दरसाल पोरं लावतात. कुनी झेंडू लावील, कुनी चाफा. लावू दे की. पन पालखीची दांडी जर तू फुलांच्या दोऱ्यानंच बांधलीस, तर फुलं बदलनारा दोरा कापनारच. मग पालखी पडली तर पोराला का बोलतेस गो?"

पाठ्यपुस्तकात हा धडा मी नंतर वाचला, मोठमोठ्या शब्दांत. दिसणं वेगळं ठेवा, चालणं वेगळं ठेवा. पण माझ्या डोक्यात तो शिरला तो तिथे, चाळीस माणसांसमोर, शरमेने कान लाल झालेले असताना. चिटणिसांनी काही चुकीचं केलं नव्हतं. सजवायला दिलेलं त्यांनी सजवलं. चोराच्या उलट्या बोंबा मारत होते ती मी.

पण त्या बाईच्या नवसाचं काय? पालखी मागे फिरत नाही, हाही नियमच. आजोबांनी बोटांवर दिवस मोजले. मग म्हणाले, सुतकात चुकलेलं घर कायमचं चुकत नाही. मंगळवारी पालखी देवळात परतते. तोवर तेरावं झालेलं असलं तर परतीच्या वाटेवर ती त्या दारात थांबते. शेजारचं तेरावं सोमवारी होतं. म्हणजे मंगळवारी पालखी वरच्या वाडीत एकाच दारात थांबणार होती, त्या गेलेल्या माणसाच्या. "त्यांच्या आंगनात नवस फेडायचा तर फेडा. माझी ना नाय. पन त्यांना इचारा नि तुमच्या म्हातारीला इचारा."

त्या घरच्या बाईने लगेच हो म्हटलं, पण सासूबाई आधी तयार होईनात. अकरा वर्षांनी झालेलं मूल, आणि ज्या घरातून आत्ता तिरडी गेली त्या अंगणात न्यायचं? बायका कुजबुजल्या. सूनबाई मात्र म्हणाल्या, "मी नेणार. पुढच्या वर्षी पहिला शिमगा नसेल." एवढंच. नवऱ्याला त्याच संध्याकाळी परतावं लागलं. तो जाताना मुलीचा पाय हातात धरून उभा राहिला, जीपवाला हॉर्न देत होता तरी. मी तिकडे बघू शकले नाही. शाल मी घेतली नाही, आणि कुणी आग्रहही केला नाही.

रविवारी क्लास बंद असतो. मी एकटी जाऊन बसले आणि ती फाइल फोडली. एकीच्या दोन केल्या. पहिल्या फाइलीत फक्त घरं आणि नियम, कोण कितवं, कुणाकडे सुतक, कुणाची पाळी कधी. तिला रंग ठाऊक नाही, अक्षर ठाऊक नाही. दुसरीत फक्त दाखवणं. पहिलीने जे ताट दिलं ते तिने मांडायचं. पंगतीत रांधणारी वेगळी आणि वाढणारी वेगळी असते ना, तसं. वाढणारी कोशिंबीर डावीकडे वाढो की विसरो, आमटीचं मीठ बदलत नाही. करडी ओळ आणि 'सुतक' हा शब्द मी दुसऱ्या फाइलीत ठेवला आणि पाहायला म्हणून पुसून बघितला. वेळा हलल्या नाहीत. परत घातला, परत पुसला. दहा वेळा केलं असेल. मग चिटणिसांना फोन करून माफी मागितली आणि म्हटलं, आता दुसरी फाइल तुमची, हवं ते करा. ते म्हणाले, "मॅडम, मी आता कशालाच हात लावत नाय." त्यांना समजवायला अर्धा तास गेला.

मंगळवारी मी पुन्हा वर गेले. कुणी बोलावलं नव्हतं, पण घरी बसवेना.

गेलेल्या माणसाच्या घरचं अंगण स्वच्छ सारवलेलं होतं. सारवलं होतं शेजारच्या सासूबाईंनी. राग विरघळला होता की नवसाची भीती मोठी ठरली, कोण जाणे. त्या घरची बाई, नवरा गेलेली, दाराआड उभी होती. पालखी आली, ढोल थांबला. तिने आतूनच हात लांब करून नारळ दिला. पालखी खांद्यांवर उचलून धरली गेली. सूनबाई मुलीला घेऊन एका बाजूला उभ्या राहिल्या. आणि मग सगळ्यांच्या लक्षात आलं की पलीकडून घ्यायला बाप नाही.

सासूबाई पुढे व्हायला निघाल्या, पण सूनबाई दाराकडे वळून म्हणाल्या, "काकी, या ना. तुम्ही घ्या."

काकी दाराआडून नुसती मान हलवत होती, नाय, नाय. मोकळं कपाळ, मोकळे हात. कुणीतरी बाई हळूच म्हणाली, अगो, असं करतात का. आजोबा दांडीपाशी उभे होते. ते म्हणाले, "द्यायला दोन हात नि घ्यायला दोन हात. नेम एवढाच हाय. ये गो भायेर."

ती आली. पालखीखाली वाकली. पहिल्यांदा तिने मुलीला अंगापासून इतकं लांब धरलं की मला वाटलं मुलगी पडते. दुसऱ्यांदा मुलीने तिचा पदर पकडला. तिसऱ्यांदा मुलगी सोडीचना. सूनबाई रडत होत्या, सासूबाई रडत होत्या, आणि मी तर काय, हुंदके देत होते. नवस फिटला. दार त्यांचं नव्हतं, बाप नव्हता, पण फिटला, आणि फिटला असं सासूबाई स्वतः म्हणाल्या.

पालखी पुढे गेल्यावर काकी माझ्याजवळ येऊन बसली. "तूच ना ती कॉम्पुटरवाली? आमचं घर त्याच्यावर कसं दिसत होतं गो?"

मी खरं सांगितलं. चूक झाली होती तेव्हा सगळ्यांसारखंच दिसत होतं. शुक्रवार संध्याकाळ, घर सातवं, आणि पुढे घरधन्याचं नाव.

"ह्यांचं नाव? पालखी यायची म्हनून?"

"हो."

तिने जमिनीवरचा गुलाल बोटाने गोळा केला. "मग ऱ्हाऊ द्यायचं होतंस तसंच. दोन दिवस."

मी रविवारीच दुरुस्त केलं होतं. तिथे आता करड्या अक्षरात सुतक होतं. हे तिला सांगायला माझी जीभ उचलेना, एरवी नको तिथे उचलते ती. "बघते," एवढंच म्हणाले.

महाडला उतरल्याबरोबर मी क्लास उघडला. पहिल्या फाइलीला हात लावला नाही. दुसरी उघडली, 'सुतक' हा शब्द खोडला आणि त्या जागी त्यांचं नाव लिहिलं, बाकीच्या घरधन्यांच्या नावांसारखंच ठळक, लाल. पुढे दिवस नाही, वेळ नाही, नुसतं नाव. मग पान उघडून वरपासून खालपर्यंत, बोट ठेवून, चाळीसच्या चाळीस घरं मोजली. नाव तिथे होतं, आणि खालच्या एकाही घराची पाळी हलली नव्हती.